पुण्याला जाणारी माणसं

रविवारी सकाळी वकील नूपुर घरी आली ती सबनिसांची परीक्षा घ्यायला. गुरुवारी आलिपूरच्या कोर्टात त्यांची साक्ष होती. विरुद्ध बाजूचा वकील काय काय विचारेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं, याची तालीम घरीच करू, असं तिने फोनवर कळवलं होतं. सबनीस सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार होते. न्यायाधीश जणू त्यांच्या दिवाणखान्यातच यायचे होते. निर्मलाबाई आत पोह्यांचे कांदे चिरत होत्या आणि नवऱ्याच्या येरझाऱ्या ऐकत होत्या.

खटला तसा साधा होता. कलकत्त्यात, बेहालाच्या एका गल्लीत सबनिसांचं दोन मजली छोटं घर. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सची नोकरी करता करता त्यांनी ते घेतलं. वरच्या मजल्यावर स्वतः राहिले आणि खालचा मजला बागचीबाबूंना भाड्याने दिला. बागचीबाबू एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, समोरच्या खोलीत गणिताच्या शिकवण्या घेणारे. भाडं वेळेवर, आवाज नाही, तक्रार नाही. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं, आणि घालवायला कोर्ट.

घालवायची वेळ आली ती निर्मलाबाईंच्या गुडघ्यांमुळे. गेल्या दोन वर्षांत जिना त्यांना जड होत गेला, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता तळमजल्यावरच राहा. तेव्हापासून त्या वरच अडकल्या होत्या. भाजी सबनीस आणत, देवळाचा प्रसाद शेजारीण आणे, आणि जग गॅलरीतून दिसे तेवढंच. सबनिसांनी बागचींना आधी विचारून पाहिलं, मग अदलाबदल सुचवून पाहिली. पण शिकवणीला रस्त्यालगतची खोली हवी, पोरं जिन्यावर दंगा करतील, असं म्हणून बागचींनी मान हलवली. आणि वर हसून म्हणाले, “एवढ्यासाठी कशाला उचलापाचल, दत्तदा? तुम्ही तर पुण्याला जाणार.”

बागचींच्या वकिलाने कोर्टात दिलेलं उत्तरही नेमकं हेच होतं. घरमालकाला ही जागा लागतच नाही, कारण घरमालक पुण्याला जाणार आहे, आणि ही गोष्ट त्याने माझ्या अशिलाला स्वतःच्या तोंडाने वेळोवेळी सांगितलेली आहे.

यात खोटं अक्षर नव्हतं. कलकत्त्यात बदलीवर आलेला मराठी माणूस पहिल्या दिवसापासून परत जायच्या गोष्टी करतो. बँकेतले, रेल्वेतले, कस्टम्समधले, सगळे. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक खाताना, कोजागिरीच्या दुधाचा पेला हातात घेऊन, कोणाच्या बारशाला, कोणाच्या बाराव्यालाही, एकमेकांना विचारायचं, “मग, कधी निघताय?” आणि समोरच्याने म्हणायचं, “बस्, एवढं पोरीचं शिक्षण झालं की.” मग पोरीचं लग्न झालं की. मग पेन्शनचे कागद झाले की. कोणी चुकून म्हणालाच की आम्ही इथेच राहणार, तर लोक त्याच्याकडे घरात कोणी आजारी असल्यासारखे पाहत. सबनीस या कामात सगळ्यांच्या पुढे. त्यांनी तर सिंहगड रोडला फ्लॅटही घेऊन ठेवला होता. लिफ्टवाला, चौथ्या मजल्यावरचा. किल्ली निर्मलाबाईंच्या बहिणीकडे, प्रेमलताकडे असे, आणि ती महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडून येई. मंडळातली निम्मी माणसं खरोखर गेली, काही वर गेली, आणि सबनीस जाणार जाणार म्हणत बेहालात राहिले.

नूपुर कर्णिक त्याच मंडळात लहानाची मोठी झालेली. तिच्या मराठीवर कलकत्त्याचे संस्कार चांगलेच झाले होते. लिंगं ती आपल्या मर्जीने वाटत असे, पण कायदा तिचा पक्का होता. तिने पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि खुर्ची सबनिसांच्या समोर ओढली.

“काका, आता मी तुमची नूपुर नाही. मी त्यांचा वकील. तुम्ही छोटा उत्तर द्यायचा. हो किंवा नाही, जास्तीत जास्त एक वाक्य. चालेल?”

“चालेल,” सबनीस म्हणाले.

“तुम्हाला खालची जागा का पाहिजे?”

“त्याचं असं आहे,” सबनिसांनी घसा साफ केला, “मी मूळचा सांगलीचा. वडील आमचे—”

“काका! सांगली नको.”

नमनाला घडाभर तेल ही सबनिसांची जुनी सवय होती. सरकारी नोकरीत तिचा फायदाही झाला असेल, पण नूपुरने अर्ध्या तासात ती बरीच आटोक्यात आणली. गुडघ्यांचं उत्तर नीट बसलं. डॉक्टरांचं उत्तर बसलं. अदलाबदलीचं बसलं. निर्मलाबाई आतून ऐकत होत्या आणि त्यांना गंमत वाटत होती. आपल्या गुडघ्यांवर एवढी चर्चा त्यांनी कधी ऐकली नव्हती.

“आता मेन प्रश्न,” नूपुर म्हणाली. “तुम्ही माझ्या क्लायंटला सांगितलं होतं ना, की तुम्ही पुण्याला जाणार?”

“छे!” सबनीस म्हणाले. “मी कुठे असं—”

“अहो, कोणाला सांगायचं ठेवलंय तुम्ही?” निर्मलाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. “दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे.”

नूपुर खळखळून हसली. “काकू बरोबर बोलतात. काका, हे नाकारलं तर आपण मेलो. ते दहा साक्षीदार आणतील. मी स्वतः पहिलीत असल्यापासून ऐकतेय. बाबा अजून म्हणतात, दत्ता जाणार म्हणतोय. हा लपवायची गोष्टच नाही. तुम्ही कबूल करायचं. म्हणायचं, हो, बोलण्यात बोललो असेन. आमच्या लोकांत म्हणायची पद्धत आहे. पण आम्ही जाणार नाही. कायद्याने तो पुण्यातला फ्लॅट आड येत नाही, इतका लांबचा घर मोजत नाहीत. पण जाणारच असाल तर खालची जागा कशाला, हे जज विचारणारच. सगळा केस या एका वाक्यावर आहे. म्हणा.”

“आम्ही जाणार नाही,” सबनीस म्हणाले. आवाज कोर्टात पोचला नसता.

“पुन्हा. शेवटी पुण्याला जायचा विचार आहे?”

“नाही, म्हणजे तसा... नाही.”

“तसा नको. विचार आहे?”

“नाही.”

“कुठे राहणार?”

“इथे. बेहालात. आमचं घर आहे ते. आम्ही पुण्याला जाणार नाही.”

निर्मलाबाई चहाचं आधण बघत उभ्या होत्या. पहिल्यांदा सबनीस अडखळले तेव्हा त्यांना हसू आलं होतं. दुसऱ्यांदाही फार काही वाटलं नाही. पण नूपुर विचारत गेली आणि सबनीस सांगत गेले, आणि चार-पाच वेळा म्हणून झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. घसा साफ करणं थांबलं. पाठ केल्याचा सूर गेला. पायातला चावणारा जोडा काढल्यावर माणूस बोलतो तसं ते मोकळेपणी बोलायला लागले. बत्तीस वर्षं त्या या माणसाचं बोलणं ऐकत आल्या होत्या. खरं बोलताना त्याचा आवाज कसा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गॅस बंद केला.

चहाचा ट्रे घेऊन त्या हळूहळू बाहेर आल्या. ट्रे टेबलावर ठेवला आणि विचारलं, “हे कधी ठरलं?”

“काय?”

“पुण्याला जायचं नाही, हे.”

“अगं, ते कोर्टासाठी,” सबनीस हसून म्हणाले. “तालीम चाललीय.”

आता नूपुरने कप खाली ठेवला. “काका, कोर्टासाठी म्हणजे? शपथेवर बोलायचं आहे. खरं असेल तरच बोला. नुसतं केससाठी बोलणार असाल तर मी तुम्हाला उभं करणार नाही.”

सबनिसांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि चहात साखर कमी आहे म्हणाले. साखर नेहमीइतकीच होती. नूपुरने फाइल आवरली. जाताना दारात तिने निर्मलाबाईंचा हात धरला. “काकू, तुमचीही साक्ष आहे. तुमच्या ॲफिडेव्हिटमध्ये फक्त गुडघा आहे, पण ते तुम्हालाही पुण्याचं विचारणार. दोघांनी आधी बोलून घ्या. आणि गुरुवारपर्यंत खालच्यांशी काही बोलू नका, प्लीज.”

दोघांनी बोलून घेतलं नाही. सबनीस बाजारात गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा आले. निर्मलाबाईंनी स्वयंपाक केला, भांडी लावली, आणि लावता लावता त्यांच्या लक्षात आलं की या घरात जड असं काही नाही. कपाटं पत्र्याची, पलंग घडीचा, टेबलाचे पाय काढता येणारे. न्यायला सोपं पडेल म्हणून. कुंडीतल्या झाडांखेरीज त्यांनी कधी काही लावलं नाही. बंगाली बोलायला बऱ्यापैकी आलं, पण वाचायला शिकल्या नाहीत. बसवरची पाटी अजूनही कोणाला तरी विचारावी लागे. मंडळाच्या बायकांनी त्यांना दोनदा सेक्रेटरी हो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, अहो, आम्ही काय आज आहोत, उद्या नाही. एवढी वर्षं त्या कलकत्त्यात पाहुणीसारख्या राहिल्या. आणि वाईट याचं वाटत होतं की आपल्याला तसं राहायला कोणी सांगितलेलंही नव्हतं. नवरा म्हणत होता जाऊ, आणि त्या निघायच्या तयारीत बसल्या होत्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण पाट-पाणी मात्र त्यांनी खरोखरचं मांडलं होतं.

मंगळवारी बागचीबाबू वर आले. संक्रांत जवळ आली होती. दरवर्षी या दिवसांत ते खजुराच्या नव्या गुळाची ढेप घेऊन येत. निर्मलाबाई त्याच गुळात तिळाचे लाडू वळत आणि पहिले चार बागचींना देत. ही रीत आता इतकी जुनी झाली होती की खटल्यानेही मोडली नाही. निर्मलाबाईंना नूपुरची ताकीद आठवली. पण संक्रांतीचा गूळ घेऊन दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय परत लावायचं? ढेप घेतली आणि खुर्ची दिली.

“बौदी, गुडघा कसा आहे?” बागचींनी विचारलं. वहिनीला ते बौदीच म्हणत.

“तसाच,” निर्मलाबाई आपल्या हिंदी-बंगालीच्या खिचडीत म्हणाल्या.

“मला वाईट वाटतं. कोर्टकचेरी मला नको होती. मी वकिलाला म्हणालो, भांडायचं कशाला? वर्षभराचा तर प्रश्न. ते पुण्याला गेले की मी घर सांभाळीन, अगदी स्वतःचं असल्यासारखं. तिथे लिफ्ट आहे, तुमची बहीण आहे, गुडघ्यालाही आराम. दत्तदा स्वतः सांगतात मला. दर विजयादशमीला मिठी मारतात आणि म्हणतात, बागची, पुढच्या दुर्गापूजेला मी इथे नसेन. मग आता कोर्टात उलटं का सांगतायत, ते मला समजत नाही.”

त्या भोळ्या, चष्म्याआडच्या डोळ्यांकडे पाहता पाहता निर्मलाबाईंना एकदम कळलं. एवढ्या मोठ्या शहरात सबनिसांच्या त्या वाक्यावर मनापासून विश्वास ठेवणारी दोनच माणसं होती. एक हा भाडेकरू आणि दुसऱ्या त्या. मंडळातल्या लोकांना ठाऊक होतं, नूपुरच्या बापाला ठाऊक होतं, दूधवाल्यालाही बहुधा ठाऊक असेल, की हे म्हणायचं असतं. एकाच छपराखाली, एकाच जिन्याच्या वर आणि खाली, ही दोनच माणसं ते खरं धरून बसली होती. त्यांना हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. बागचींना वाटलं गुडघा दुखतोय. ते लगेच उठले.

संध्याकाळी सबनीस फिरून आले तेव्हा निर्मलाबाई तीळ भाजत होत्या.

“कोर्टात काय सांगणार आहात?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“नूपुरने सांगितलंय तेच.”

“नूपुरने सांगितलंय खरं असेल तरच सांगा. खरं काय आहे?”

सबनीस खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी शर्टाची बाही सरळ केली, खाली ओढली, पुन्हा सरळ केली.

“मला नाही जायचं,” ते म्हणाले. “केव्हापासून ते मला नाही सांगता येणार. निवृत्त झालो तेव्हा महिनाभर राहून आलो ना आपण तिथे? रोज सकाळी फिरून आलो की सोसायटीचा वॉचमन मला अडवायचा. कोणाकडे आलात, काका? रोज! मी त्याला फ्लॅटचा नंबर सांगायचो आणि मग तो सोडायचा. इथे मी बाजारात गेलो तर मासळीवाली उभी राहून विचारते, दत्तदा, बौदी कशी आहे. मी मासे खात नाही हे माहीत असून विचारते. तिथे मी कोण आहे, निर्मला? माझी माणसं होती ती गेली. भीती वाटते मला.”

“मग म्हणत कशाला होता?”

“सगळेच म्हणायचे.”

“सगळ्यांचं जाऊ द्या. मला का म्हणत होता?”

निर्मलाबाईंनी गॅस बारीक केला. त्यांना राग आला होता, आणि असा राग त्यांना फार वर्षांत आला नव्हता. पुण्याला लिफ्ट होती. दोन वर्षांपूर्वीच तिकीट काढलं असतं तर ना जिना राहिला असता, ना डॉक्टर, ना वकील. या माणसाने बायकोच्या गुडघ्यांसाठी खटला भरला असं सगळ्या गल्लीला वाटत होतं. त्यांनाही वाटत होतं, आणि मनातून कौतुकही वाटत होतं. प्रत्यक्षात त्याने खटला भरला होता पुण्याला न जाण्यासाठी. गुडघे नुसते पुढे केले होते.

“तू काय सांगणार?” सबनिसांनी हळूच विचारलं.

“मला जे विचारतील त्याचं उत्तर देईन.”

“जायचं आहे असं सांगितलंस तर केस गेली.”

“माहीत आहे मला. मी नूपुरचं सगळं ऐकलंय.”

निर्मलाबाईंना त्या क्षणी स्पष्ट दिसलं की सगळं आता त्यांच्या एका वाक्यावर आलं आहे. आम्ही जाणार आहोत, असं कोर्टात म्हटलं की खालची जागा मिळणार नाही. जिना चढता येत नाही. मग सबनिसांना पुण्याला जावंच लागेल. जन्मभर जे मागितलं नाही ते मिळवायची ही एकच वेळ होती. तीळ थोडे करपले. त्यांनी ते बाजूला काढले आणि नवे टाकले. बुधवारी लाडू झाले, चार बागचींना गेले, आणि तिळगूळ घ्या, गोड बोला, हे नेहमीचं वाक्य सांगायला सबनीसच खाली गेले. काय बोलले कोण जाणे, पण लगेच वर आले.

गुरुवारी तिघं टॅक्सीने कोर्टात गेली. नूपुर पुढे बसली होती आणि आरशातून मागे बघत होती. कोर्ट पहिल्या मजल्यावर होतं. ज्या बाईला जिना चढता येत नाही तिनेच ते सांगायला जिना चढून जायचं, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. निर्मलाबाई दर पायरीला थांबत होत्या. सबनिसांनी हात पुढे केला, पण त्यांनी कठडाच धरला.

आधी सबनीस उभे राहिले. त्यांनी छान साक्ष दिली. सांगलीचं नावही काढलं नाही. बोलण्यात बोललो असेन, आमच्यात तसं म्हणतात, पण आम्ही जाणार नाही, हे त्यांनी खणखणीत सांगितलं. बागचींचा वकील फिरवून फिरवून विचारत राहिला आणि सबनीस तेच सांगत राहिले. समोरच्या बाकावर बागचीबाबू छत्री मांडीवर घेऊन बसले होते, आणि प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा थोडा अधिक गोंधळत होता.

मग निर्मलाबाईंना बोलावलं. त्यांना बसायला खुर्ची दिली.

“आज जिना चढून आलात ना?” वकिलाने हसत विचारलं.

“आले. दोन दिवस आता गुडघ्याला तेल लावून झोपावं लागेल. रोज नाही जमणार.”

न्यायाधीश हसले. साधारण पन्नाशीचे, डोळे थकलेले गृहस्थ होते. वकिलाने कागद उलटला.

“पुण्यात तुमचा फ्लॅट आहे. बहीण आहे. लिफ्ट आहे. तुम्हाला तिथे जायचं आहे की नाही?”

नूपुरने पेन हातात घट्ट धरलं. सबनीस बायकोकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते निर्मलाबाईंनी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, लेकीच्या, मानसीच्या जन्माच्या वेळी, दवाखान्याच्या दारात. त्या रागाने तोंड फिरवणार होत्या, पण फिरवता आलं नाही. सोसायटीच्या दारात अडवलेला, स्वतःच्याच फ्लॅटचा नंबर सांगत उभा असलेला म्हातारा त्यांना दिसला. तो रोज तसा उभा राहणार, आणि आपण चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून ते रोज बघणार.

“मला जायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मी जन्मभर तयारीत होते. यांना जायचं नाही, हे मला या रविवारी कळलं. यांना सोडून मी जाणार नाही. यांना ओढून नेणारही नाही. म्हणजे आता इथेच राहायचं. आणि इथे राहायचं तर मला खालचं घर पाहिजे.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. टंकलेखकाने ते खडखड उतरवलं. नूपुरने वाकून कानात सांगितलं, “काकू, लिहिलंय की आम्हाला पुण्याला जायचं नाही. बरोबर आहे ना?”

“अर्धंच आहे,” निर्मलाबाई मोठ्याने म्हणाल्या. “मला जायचं होतं, तेही लिहा म्हणावं.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाई, तुमच्या खटल्याला ते लागत नाही. त्याने तुमचा फायदाही नाही.”

“खटल्याला लागत नसेल, साहेब. मला लागतं. कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी टंकलेखकाला पुन्हा सांगितलं, आणि या वेळी वाक्यं दोन झाली. नूपुरने ती वाचून दाखवली. निर्मलाबाईंनी खाली मराठीत सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

पुढची तारीख मिळाली. बाहेरच्या व्हरांड्यात बागचीबाबू छत्री टेकून उभे होते. सबनीस जवळ आले तसे ते एक पाऊल पुढे झाले. रागावलेले नव्हते. फक्त त्यांना काहीतरी समजून घ्यायचं होतं.

“दत्तदा,” ते म्हणाले, “तुम्ही बौदीलाही सांगितलं नव्हतं?”

सबनिसांनी मान खाली घातली. बागची निर्मलाबाईंना नमस्कार करून, आपल्या वकिलाची वाटही न बघता, जिना उतरून गेले. नूपुर कागदांच्या नकला घ्यायला आत गेली.

दोघं जिन्याशी आली. निर्मलाबाईंनी कठडा धरला आणि एक पायरी उतरल्या. दुसऱ्या पायरीवर सबनिसांनी त्यांचा दंड धरला.

“निर्मला,” ते म्हणाले, “आपण पुण्याला जाऊ. ऐक माझं. केस मागे घेऊ आणि जाऊ. खरंच जाऊ या वेळी.”

निर्मलाबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते त्याचे, आणि तो बहुधा खरं बोलत होता. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य ऐकून त्यांना कुठे काही हललेलं जाणवलं नाही.

“खाली जाऊन टॅक्सी बघा,” त्या म्हणाल्या. “मी येते हळूहळू.”